हाताला काम : पूर्व विदर्भातील कुष्ठरोग, अपंगत्व आणि रोजगाराचा इतिहास

शहापूर हे भंडारा तालुक्यातील गाव भंडारा शहराच्या पश्चिमेला, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. गावाच्या परिसरात धानाच्या बांध्या आहेत, जवळच जवाहरनगर येथे संरक्षण खात्याची आयुध निर्माणी आहे आणि शहापुरातच अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. शेत, कारखाना आणि शिक्षणसंस्था ही कामाची तीन ठिकाणे वेगवेगळ्या काळात उभी राहिली. प्रत्येक ठिकाणाने माणसाच्या शरीराकडून वेगळी अपेक्षा ठेवली आणि ती अपेक्षा ज्याला पुरी करता आली नाही त्याला वेगळ्या रीतीने बाहेर ठेवले. अपंग व्यक्तीला कामावर बरोबरीचे स्थान मिळण्याचा पूर्व विदर्भातील इतिहास याच तीन ठिकाणांच्या क्रमाने उलगडतो. त्याचा सर्वांत मोठा भाग कुष्ठरोगाशी जोडलेला आहे, कारण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे महाराष्ट्रात या रोगाचे प्रमाण अधिक असलेले जिल्हे म्हणून ओळखले जातात.

रोग आणि शेतीतील काम

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉक्टर गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू त्वचेबरोबर हातापायांच्या नसांवर हल्ला करतो. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो आणि त्या जागेची जाणीव जाते. पुढे हातापायांची बधिरता वाढते, स्नायू दुबळे होतात, बोटे आत वळतात. वेदना होत नसल्याने जखम लक्षात येत नाही. न कळलेली जखम चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय जायबंदी होतो. बोटे रोगाने झडतात अशी लोकसमजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक हानी बधिर हातापायांना होणाऱ्या इजांमुळे आणि त्या इजांकडे होणाऱ्या दुर्लक्षामुळे होते.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. इथली रोवणी म्हणजे गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर करायचे काम. चिखलातला काटा किंवा खडा बधिर तळव्याला कळत नाही आणि ओल्या मातीत जखम भरून येत नाही. धानाचा हंगाम संपला की या भागातील अनेक कुटुंबांचा आधार म्हणजे तेंदूपाने आणि विडी. विडी वळताना अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांनी पानाचा ताण आणि तंबाखूची मात्रा जोखावी लागते. कोशाचा बारीक धागा ओढणाऱ्या विणकराचेही तसेच. चूल पेटवणे, भाकरी भाजणे, विळ्याने धान कापणे, ही घरची आणि शेतावरची कामेही बोटांच्या जाणिवेवर चालतात. त्यामुळे या रोगात माणसाच्या हातातून आधी जाणीव जाई आणि तिच्यामागोमाग रोजगार जाई. रुग्ण घराबाहेर काढला जाण्याआधी बहुधा कामाबाहेर काढला गेलेला असे. मागून खाणे हा त्यानंतरचा टप्पा होता, आणि समाजाच्या नजरेला मात्र तोच आधी दिसे.

१८९८ चा कायदा : कामावरची बंदी

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कुष्ठरोग आयोगाने १८९०–९१ मध्ये भारतभर पाहणी केली. रोगाचा संसर्ग मर्यादित आहे, सक्तीच्या सरसकट अलगीकरणाची गरज नाही, असा या आयोगाचा कल होता. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरुग्णांसंबंधीचा केंद्रीय कायदा झाला. प्रांतिक सरकारने तो लागू केलेल्या भागात, उघड्यावर भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रुग्णाला पोलीस विनावॉरंट पकडू शकत आणि त्याला आश्रमगृहात पाठवता येई. म्हणजे कायद्याचा रोख रोगापेक्षा गरिबीवर अधिक होता. घर आणि पैसा असलेला रुग्ण या कलमात सापडत नव्हता.

याच कायद्यातील दुसरी तरतूद रोजगाराशी थेट संबंधित होती. सरकारला अधिसूचना काढून रुग्णांना काही व्यवहारांपासून रोखता येत होते. विक्रीसाठी खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधे किंवा कपडे तयार करणे आणि विकणे, सार्वजनिक विहिरीवर किंवा तलावावर पाणी भरणे, अंघोळ करणे वा कपडे धुणे, रेल्वे वगळता भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसणे किंवा ते चालवणे, या गोष्टी त्यात होत्या. याखेरीज सरकार ठरवील तो कोणताही धंदा रुग्णासाठी बंद करता येत होता. एका कलमाने उपजीविका नसलेल्याला पकडायचे आणि दुसऱ्या कलमाने उपजीविकेचे मार्ग बंद करायचे, अशी ही रचना होती. पाणवठ्याची बंदी या प्रदेशातील दलित जातींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. या कायद्याने आजाराच्या नावाने तशीच बंदी घालण्याची मुभा दिली. हा कायदा केंद्राच्या पुस्तकावर २०१६ पर्यंत राहिला.

आश्रम ते श्रमवसाहत

रुग्णांची पहिली संघटित सेवा ख्रिस्ती मिशनांनी केली. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या मिशनचे काम विदर्भातही पोहोचले आणि अचलपूरजवळच्या कोठारा येथे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. अन्न, निवारा आणि मलमपट्टी यांवर या कामाचा भर होता. बरे करणारे औषध त्या काळी नव्हते, म्हणून आश्रमात आलेला माणूस बहुधा आयुष्यभर तिथेच राही.

या सेवेला वेगळे वळण वर्ध्याच्या परिसरात मिळाले. विनोबा भावे यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. शेती आणि सूतकताई यांना तिथल्या दिनक्रमात स्थान मिळाले. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री यांना हा रोग झाला होता. ते सेवाग्रामला आले तेव्हा महात्मा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. रुग्णाला गावाबाहेर ठेवण्याची रीत असलेल्या समाजात, देशाचे लक्ष असलेल्या आश्रमाने त्याला आत घेतले होते. गांधींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमातही कुष्ठसेवेचा समावेश केला. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवनाची उभारणी सुरू केली. तिथे रुग्णांना उपचाराबरोबर निरनिराळे हस्तव्यवसाय शिकवले गेले.

या परंपरेचा सर्वांत मोठा विस्तार वरोऱ्याच्या आनंदवनात झाला. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म १९१४ मध्ये हिंगणघाटला झाला. वरोऱ्यात वकिली करत असताना ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि भंगी कामगारांचे कष्ट समजून घेण्यासाठी त्यांनी काही काळ स्वतः मैला वाहिला. त्याच काळात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांनी पाहिला. त्या दर्शनाने आपण घाबरलो, ही कबुली ते पुढे उघडपणे देत आणि आपल्या कामाचे मूळ त्या भीतीत सांगत. त्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले. सरकारने दिलेली जमीन खडकाळ होती. साधनाताई आमटे, दोन लहान मुले आणि सहा रुग्ण यांनी ती खणायला घेतली. पहिली विहीर रुग्णांच्याच श्रमांतून झाली.

दान माणसाला दुबळे करते आणि काम उभे करते, हा आनंदवनाचा मूळ विचार. रुग्णाने किती गमावले याचा हिशेब न ठेवता त्याच्यापाशी काय उरले आहे ते पाहायचे आणि तेवढ्यावर कामाची वाटणी करायची, अशी पद्धत तिथे रुजली. एकाचे पाय शाबूत असतील आणि दुसऱ्याचे हात, तर दोघे मिळून एक काम पुरे करीत. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, सुतारकाम, लोहारकाम, छपाई, बांधकाम असे व्यवसाय उभे राहिले.

माल तयार झाल्यावर मात्र बाजाराचा प्रश्न आला. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी घ्यायला लोक सुरुवातीला तयार नव्हते. काम करण्याची क्षमता सिद्ध झाली तरी त्या कामाला गिऱ्हाईक मिळणे ही स्वतंत्र लढाई होती. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेच्या परदेशी स्वयंसेवकांनी आनंदवनात राहून रुग्णांच्या बरोबरीने बांधकाम केले. बाहेरची निरोगी माणसे रुग्णांच्या हातचे जेवतात हे आसपासच्या लोकांनी पाहिले आणि भीती ओसरू लागली. १९६० च्या दशकात आनंदवनाच्या आवारात महाविद्यालय उभे राहिले. आजूबाजूच्या गावांतील मुलेमुली शिकण्यासाठी वसाहतीत येऊ लागली. ज्यांना गावाने शाळेच्या उंबरठ्यावर उभे केले नसते त्यांनी गावासाठी महाविद्यालय बांधले होते. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, अपंगांसाठी व्यवसाय प्रशिक्षण देणारे संधीनिकेतन आणि १९६७ मध्ये मूल तालुक्यात सुरू झालेला सोमनाथ प्रकल्प यांमुळे कुष्ठसेवेचे हे काम सर्व प्रकारच्या अपंगत्वापर्यंत पोहोचले.

अवजार बदलण्याचा विचार

हाताला काम देताना एक धोका होता. बधिर हातांनी कुदळ, कढई किंवा हातोडा धरला की न कळत नवी जखम होई, आणि जो श्रम माणसाला प्रतिष्ठा देत होता तोच त्याची बोटे हिरावून नेई. या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने दिले. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून वाकड्या बोटांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. बोटे जाण्याचे मुख्य कारण बधिरता आणि इजा हे आहे, ही गोष्ट त्यांच्या अभ्यासातून ठळक झाली.

यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, रुग्णाने रोज हातपाय तपासणे, पाण्यात भिजवणे, तेल लावणे आणि मऊ रबरी तळाची पादत्राणे वापरणे. दुसरी गोष्ट रोजगाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती. अवजाराची मूठ जाड करायची, तिच्यावर कापड किंवा रबर गुंडाळायचे, गरम भांड्याला लाकडी दांडा लावायचा, एकाच जागी दाब पडू नये म्हणून काम आलटून पालटून द्यायचे. इथे दुरुस्ती माणसात न करता अवजारात आणि कामाच्या रचनेत केली गेली. पुढे कायद्यात ‘वाजवी सोयीसुविधा’ या नावाने जे तत्त्व आले, त्याचा हा घरगुती आणि व्यवहारी आरंभ म्हणता येतो.

औषधोपचारही बदलत गेले. चाळीसच्या दशकात डॅप्सोनच्या गटातील औषधे आली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने वर्ध्याहून डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री बसवली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधत आणि त्याच्या घरीच उपचार देत. यामुळे रुग्णाला काम आणि घर सोडून आश्रमात जाण्याची गरज कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती भारतात सर्वप्रथम वापरणाऱ्या जिल्ह्यांत वर्धा होता. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच अवधीत रुग्णापासूनचा संसर्ग थांबतो आणि सहा महिने ते वर्षभरात औषधाचा क्रम पुरा होतो. लवकर निदान झाले तर विकृती येतच नाही आणि रोजगार सुटतच नाही. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले. पूर्व विदर्भात मात्र नवे रुग्ण सापडत राहिले आणि शोधमोहिमा चालूच आहेत.

कारखाना : भरपाईपासून नोकरीपर्यंत

भंडारा जिल्ह्यात तुमसर भागातील मँगनीजच्या खाणी आणि पुढे १९६० च्या दशकात जवाहरनगरची आयुध निर्माणी यांमुळे कारखानी कामाचा अनुभव आला. यंत्राच्या कामात अपंगत्व दोन बाजूंनी येते : अपंग व्यक्ती नोकरी मागायला येते, आणि नोकरीत असलेली धडधाकट व्यक्ती अपघाताने अपंग होते. दुसऱ्या बाजूची दखल कायद्याने आधी घेतली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कोणता अवयव गेल्यास कमाईची क्षमता किती टक्के घटली असे मानायचे, याचे कोष्टक दिले. कामगाराला पैसे मिळू लागले, ही मोठी गोष्ट होती. परंतु भरपाई घेऊन तो घरी जाई. त्याला परत कामावर घेण्याचे बंधन मालकावर नव्हते.

संविधानानेही हा विषय सुरुवातीला मदतीच्या चौकटीतच ठेवला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या पंधराव्या अनुच्छेदात अपंगत्वाचा उल्लेख नाही. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत साहाय्य देण्याची अपेक्षा एकेचाळिसाव्या अनुच्छेदात, म्हणजे न्यायालयातून बजावता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, आली. यामुळे नंतरची अनेक वर्षे अपंगांचा रोजगार हा सरकारी योजनांचा विषय राहिला.

शारीरिक अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाले. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या क आणि ड गटांतील पदांत तीन टक्के आरक्षण आले. आयुध निर्माणीसारख्या केंद्रीय आस्थापनांच्या परिसरात राहणाऱ्या तरुणांसाठी याचा अर्थ असा की दार किलकिले झाले, पण फक्त खालच्या गटांपुरते. वरच्या पदांवर अपंग व्यक्ती बसू शकते, ही कल्पना त्या आदेशात नव्हती.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने, जो फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला, सरकारी नोकरीतील तीन टक्के आरक्षण कायद्याने बंधनकारक केले. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी एक टक्का होता. कुष्ठमुक्त व्यक्तींचा अपंगत्वाच्या व्याख्येत समावेश झाला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागेल, असे बंधन सरकारी आस्थापनांवर आले. १९२३ च्या कोष्टकापासून इथपर्यंत यायला बहात्तर वर्षे लागली. आरक्षणाची अंमलबजावणी मात्र ‘सुयोग्य पदे’ ठरवण्याच्या प्रक्रियेत अडकत राहिली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये अंधांच्या राष्ट्रीय महासंघाच्या प्रकरणात निकाल दिला, की आरक्षणाची गणना संवर्गातील एकूण रिक्त जागांवर करायची, केवळ निवडून ठेवलेल्या पदांवर नाही.

२०१६ चा कायदा

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग हक्क करारावर भारताने २००७ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्याने आलेले व्यंग यांचा समावेश झाला. सिकलसेलचा विदर्भाशी विशेष संबंध आहे, कारण पूर्व विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत या आजाराचे प्रमाण मोठे आहे. सरकारी नोकरीतील आरक्षण चार टक्के झाले. वाजवी सोयीसुविधा नाकारणे हाही भेदभाव मानला गेला. खासगी आस्थापनांवर आरक्षणाची सक्ती नाही, पण समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन आहे.

त्याच सुमारास कुष्ठरोगाशी जोडलेली जुनी कलमेही हटू लागली. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात भेदभाव करणाऱ्या कायद्यांचा आढावा घेतला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवणाऱ्या तरतुदी २०१९ च्या दुरुस्तीने वैयक्तिक कायद्यांतून गेल्या. पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारासाठी संसार मोडण्याची कायदेशीर मुभा तोवर शिल्लक होती, आणि तिची सर्वाधिक झळ स्त्रियांना लागत होती.

शब्दांचा बदल

कामाच्या ठिकाणी बरोबरीची सुरुवात हाक मारण्यापासून होते. ‘महारोगी’ हा शब्द जुन्या संस्थांच्या नावांत राहिला. बोलण्यात आणि कागदोपत्री ‘कुष्ठरुग्ण’ आणि उपचारानंतर ‘कुष्ठमुक्त’ हे शब्द आले. पांगळा, आंधळा, मुका ही शिवीसारखी वापरली जाणारी विशेषणे मागे पडून ‘अपंग’ हा कायद्याचा शब्द झाला. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवलेला ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे सरकारी वापरात रूढ झाला. अपंग हक्क चळवळीतील अनेकांनी त्याला विरोध केला. दिव्यत्वाच्या गौरवापेक्षा उतरण, लिफ्ट, ब्रेल, सांकेतिक भाषा आणि पगार हवा, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप या प्रदेशाच्या इतिहासाशी जुळणारा आहे. आनंदवनातील लोकांनीही दयेपेक्षा काम मागितले होते.

आजची स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. देशातील अपंगांपैकी ३६ टक्केच कामात होते. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के होते. म्हणजे अपंगत्व आणि स्त्रीत्व एकत्र आले की कामाची संधी निम्म्यावर येते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असाही राज्याचा नियम आहे. शहापूरसारख्या महामार्गालगतच्या गावात या तरतुदीचा परिणाम अगदी जवळून तपासता येतो : ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतरण आहे का, दाखल्यासाठी एकाच माणसाला किती फेऱ्या माराव्या लागतात, रोजगार हमीच्या कामावर त्याला झेपेल असे काम वाटून मिळते का.

धानाच्या बांधीत बधिर पायाला जागा नव्हती, खाणीत आणि कारखान्यात हात गमावलेल्याला भरपाई होती पण परतीची वाट नव्हती, आणि कार्यालयाने दार उघडले ते आधी फक्त खालच्या पदांसाठी. विदर्भातील श्रमवसाहतींनी काम करण्याची क्षमता निर्विवाद सिद्ध केली. मात्र ती गावापासून वेगळ्या जागी सिद्ध करावी लागली, ही त्या कामाची मर्यादा नसून गावाची होती. १८९८ च्या कायद्याने रुग्णाला पाणवठ्यापासून आणि बाजारापासून दूर केले. २०१६ च्या कायद्याने पाणवठा, बाजार आणि कचेरी यांनाच त्याच्यासाठी बदलण्याची जबाबदारी दिली. या दोन कायद्यांमधील ११८ वर्षांत बदल घडला तो मूठ जाड केलेल्या कुदळीपासून, नाकारलेली भाजी पिकवत राहणाऱ्या हातांपासून आणि न्यायालयात रिक्त जागांचा हिशेब मागणाऱ्या अंध नागरिकांपासून.